पाणी घालणारा जावई

फोन आला तेव्हा मी नांदुऱ्यात अडत्याच्या गादीवर बसून आमच्या जावयाला रणगाड्यासकट नदीत उतरवत होतो. माझ्या सोयाबीनचं माप चाललं होतं, चहा आला होता, शेठजी पुढे सरकून ऐकत होते. नदीला पूर, रणगाड्याचं इंजिन बंद, आणि आमचा जावई छातीभर पाण्यात उभा राहून एका हाताने तो ढकलतोय... एवढ्यात वंदनाचा फोन. वंदना माझी धाकटी बहीण, नर्स आहे, वाईट बातमीसुद्धा नीट क्रमाने सांगते. "दादा, मथियास गेले. बगिच्यात पानी सोडाले गेले होते, तिथंच पडले. दवाखान्यात नेलं, पन काई राह्यलं नोतं." मी उठलो. शेठजींनी मागून विचारलं, "मंग रणगाडा निघाला का नाई?" त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक. आमच्या जळगाव जामोदपर्यंतच्या रस्त्यात मला दुःख झालंच नाही, आधी लाजच वाटत राहिली. तिकडे माणसाचा श्वास संपत होता, आणि इकडे मी त्याला, तो ज्यात कधी बसलाच नव्हता अशा रणगाड्याला खांदा द्यायला लावला होता.

मथियास, आमचा हा जावई, जर्मन सैन्यात साधा शिपाई होता. अफगाणिस्तानात उत्तरेकडच्या छावणीत मालाचा ट्रक चालवायचा. जर्मनीला परत गेल्यावर पाठीचं दुखणं घेऊन तो ज्या दवाखान्यात पडला, तिथे आमची वंदना नोकरीला होती. रोज त्याच्या जेवणाचं ताट जसंच्या तसं परत जायचं. शेवटी तिने स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा त्याच्यापुढे ठेवला. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा त्या ठेच्याने अर्धा दवाखाना खोकत रस्त्यावर येतो. खरं एवढंच, की त्याने खाल्लं, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिला हसू आलं आणि तिला हसताना पाहून त्याने दुसरा घास मागितला. लग्न झालं. पुढे वडील गेले, आई मनाने एकटी पडली म्हणून दोघं इकडेच आले, आणि या सहा फुटी माणसाने (मी सात सांगतो) आमच्या संत्र्याच्या बगिच्यात असं मन घातलं की झाडं त्याला ओळखायची. मराठी शिकला तीही आमची वऱ्हाडीच. फक्त लढाईचं कोणी विचारलं की म्हणायचा, "मी गाडी चालवत होतो." एवढ्यावर गावाचं समाधान कसं व्हावं? तेव्हा बाकीची लढाई मी पुरवली.

ते आले त्याच वर्षी अधिक महिना आला. धोंड्याचं जेवण, नवा जावई, घर पाहुण्यांनी भरलेलं. वडील नाहीत म्हणून पाय धुण्याचा मान माझ्याकडे. मी परात धरली, माझी बायको तांब्या घेऊन वाकली, आणि पाण्याची पहिली धार पायावर पडताच मथियासने पाय असा मागे ओढला, जणू परातीत विंचू पडला. म्हणाला, "नोका. मले नोका." उठला आणि सरळ बगिच्यात गेला. मग मी तोंड उघडलं. म्हटलं, त्यांच्या देशात साळ्याने जावयाचे पाय धुतले की साळ्याचं आयुष्य घटतं, माझ्या जिवापायी उठला बिचारा. "तिकडचे निम्मे साळे याच्यानंच गेले," म्हटलं. मामा म्हणाले, "मंग बरं झालं बाप्पा." पंगत बसली.

आई मात्र फसली नाही. रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, "मानूस पाय मांगं घेते, म्हंजे आपल्यात काईतरी हलकं दिसलं त्याले." त्या दिवसापासून ती जावयाला वाढायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. पाहुण्यांत खाली मान घालून बसायची. तोही तिच्यासमोर मान वर करत नसे. एका घरात दोन माणसं, दोघांनाही लाज वाटतेय, आणि मधे आम्ही भाकरी मोडतोय... थंडी पडेपर्यंत हे असंच चाललं.

मग एका दुपारी संत्री तोडता तोडता तो आपणहून बोलला. त्यांच्या तुकडीत करीम नावाचा दुभाष्या होता, तिथलाच पोरगा. दर शुक्रवारी घरी जेवायला न्यायचा. त्याचा म्हातारा बाप दारातच उभा राहून पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचा, तशी त्यांच्याकडची रीत. सैन्य निघणार हे ठरलं तेव्हा शिपायांना ताकीद होती, बाहेर सांगायचं नाही. "मी शेवटी जेवाले गेलो," मथियास म्हणाला. "म्हाताऱ्यानं पानी घातलं. इचारलं, पुढच्या शुक्रवारी येतो ना? मी म्हनलो, हाव." दोन दिवसांनी छावणी रिकामी झाली. ज्याने परक्या सैन्याचं काम केलं त्याचं मागे काय होतं, हे लहान पोरालाही कळतं. करीमचे निरोप काही दिवस येत होते, मग बंद झाले. "भाऊ, तुमच्या बायकोनं पानी घातलं, आन् मले तो म्हातारा दिसला. मी त्या पान्याच्या लायक नाई."

मी हातातलं संत्रं सोलत राहिलो. आयुष्यभर थापा मारल्या, पण त्या वेळी एकही सुचली नाही. वंदनाला म्हटलं, तुले ठाऊक होतं, काऊन नाई सांगितलं? म्हणाली, "ती लाज त्याईची होती, दादा. मी कशी वाटत फिरू?"

आईला मी ते तिखटमीठ न लावता सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर मजूर जेवायला बसले तेव्हा तिने देवळीतला पितळी तांब्या काढला आणि कितीतरी दिवसांनी जावयाकडे बघितलं. "जवाईबापू, याईच्या हातावर पानी घाला." तो पुढे आला. मग तांब्या घेऊन खाली वाकला.

त्या दिवसापासून आमच्या दारी जो येईल, मजूर, व्यापारी, वीजबिलवाला, त्याच्या हातावर मथियास पाणी घालायचा. गाव हसलं. मामा म्हणाले, "जवायाले पानी वाढाले लावते का कोनी? लाज नाई वाटत तुले?" आई म्हणाली, "वाटते ना. म्हनूनच लावलं." याने त्याची लाज गेली असं मी म्हणणार नाही. शुक्रवारी तो तरीही कमीच जेवायचा. पण आईच्या हातची भाकरी मागून घ्यायला लागला.

परवा अडत्या शेठजी दुखवट्याला भेटायला आले. ओट्याशी नळ आहे, तिथेच देवळीत तांब्या आहे, आई रोज घासून भरून ठेवते. शेठजी नळाकडे वाकले. मी तांब्या उचलला, म्हटलं, हात पुढे करा. पाणी घालायला लागलो तसं त्यांना आठवलं. "त्या रणगाड्याचं पुढं काय झालं हो?"

"रणगाडा नोताच," मी म्हटलं. "एक म्हातारा होता, दारात उभा. त्याच्या हातात असाच तांब्या होता."

तांब्यातलं पाणी संपलं. शेठजी हात तसेच पुढे धरून उभे होते.