‘पोर शाळेत जाते का?’ असे विचारणाऱ्या खैरनार बाई

धुळ्याच्या रुग्णालयात बालशल्यचिकित्सा विभागात मी रुजू झालो, त्या सकाळी डॉ. सुलभा खैरनार एका बाळाचे दुपटे उघडून त्यातील शौच निरखून पाहत होत्या. माझ्या चेहऱ्यावरची किळस त्यांनी टिपली. “डॉक्टर, इथली पहिली तपासणी हीच. जवळ या,” त्या म्हणाल्या. आमची ओळख झाली ती अशी. आम्ही सारे त्यांना बाई म्हणतो. या वर्षी बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत.

काही मुलांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच चेतापेशी नसतात. शौच पुढे सरकत नाही, पोट फुगते. तो भाग काढून निरोगी आतडे खाली जोडावे लागते. बाईंनी खानदेशातल्या अनेक मुलांवर ही शस्त्रक्रिया केली. त्यावरचा शोधनिबंध मी लिहून काढला होता. माझ्या नावाचा तो पहिलाच निबंध. माझी बढती त्यावर अडली होती.

तो पाठवायच्या आठवड्यात सोनगीरहून एक आई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बाईंनी सहज विचारले, “कितवीत आहे?”

आईने मान खाली घातली. “ऑपरेशन बठ्ठं चांगलं व्हयनं, बाई. पन पोर शाळामा जास नही. कपडा खराब व्हतस, पोरे हासतस.”

मायलेकी गेल्यावर बाईंनी मला विचारले, “निबंधात हिला आपण कशात धरलंय?”

“यशस्वी,” मी म्हणालो.

“शौच होते का, एवढंच आपण विचारलं. पोर शाळेत जाते का, हे विचारलंच नाही. निबंध थांबवा.”

मी इतका चिडलो की दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतेच बोललो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे भरीत-भाकरीचा डबा ठेवला. “रागवा, पण जेवा. रविवारी भडगावला जायचंय.”

मग कित्येक रविवार आम्ही शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची घरे शोधली. भडगावला एका नानांनी दारातच अडवले. “आमना पोऱ्या चांगला शे. गल्लीमा बोभाटा करू नका.”

बाई ओट्यावर बसल्या. “नाना, ऑपरेशन मी केलं. काही कमी राहिलं असेल तर ते माझ्याकडून. पोराची काही चूक नाही.”

नाना दारातून बाजूला झाले. मग त्यांनी नातवाला बाहेर बोलावले.

बऱ्याच घरांत हाच त्रास लपवलेला निघाला. दिवसभर कपडे खराब होऊ नयेत म्हणून रोज सकाळी नळीने आतडे कसे धुवायचे, हे बाईंनी आयांना शेजारी बसून शिकवले. दोन महिन्यांत सोनगीरची मुलगी शाळेत जाऊ लागली. निबंध नव्याने लिहिला, तेव्हा त्यातले यश बरेच घटले होते. परिषदेत एका ज्येष्ठांनी विचारले, “एवढं अपयश उघड कशाला मांडता?” बाई म्हणाल्या, “उद्या हे ऑपरेशन करणाऱ्याला माहीत असायला हवं म्हणून.”

माझी बढती वर्षभर लांबली. ते वर्ष वाया गेले, असे आज मला वाटत नाही. त्या रागाबद्दल मी बाईंची कधी क्षमा मागितली नाही. ती इथे सर्वांसमक्ष मागतो.

हात किंचित थरथरतो हे स्वतःच्या लक्षात येताच बाईंनी शस्त्रक्रिया थांबवल्या. कोणी सांगण्याची वाट पाहिली नाही. बाह्यरुग्ण विभागात मात्र त्या आजही येतात आणि एकेका आईचे शेवटपर्यंत ऐकून घेतात.

बाईंना उदंड आणि निरामय आयुष्य लाभो, गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी. आणि धुळ्याच्या उन्हाळ्यात तरी त्यांनी दुपारी तासभर आडवे व्हावे, एवढा हट्ट आम्हा सर्व शिष्यांच्या वतीने धरतो. त्या तो मानणार नाहीत, हे ठाऊक असूनही.