घोंगडीचा काठ

"ताई, आज आमच्या घोंगडीचा धागा नका जाळू." तात्या माझ्या कानाशी येऊन हे म्हणाले, तेव्हा माझ्या हातात काडेपेटी होती आणि समोर आळेफाट्याच्या बाजारातली गर्दी.

आमच्या ग्राहक-जागृती संस्थेचा स्टॉल होता. मी पूर्णवेळ कार्यकर्ती. लोकांसमोर धागा जाळून दाखवायचा, हे माझं काम. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटात चुरगळते. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटचा नकली धागा वितळतो, त्याची टणक गाठ होते. ती गाठ दाखवून मी ओरडायचे, "हे पांघरता तुम्ही!" मग घोंगडीची पाळी. तात्या आंबेगावच्या बाजूचे विणकर. स्टॉलवरचा सगळा माल त्यांच्या घरचा.

"का नको?"

"काठ बाजारच्या दोऱ्यानं शिवलाय. धनगर मेंढरं घिऊन कोकणात गेलं, लोकर सरली. तुमच्या सायबांनी दुप्पट माल मागितला. मंग काय करू?"

पाठीमागे आमचाच बोर्ड : 'शुद्ध लोकर, फक्त हातकाम'.

आमचे प्रमुख, सर, शेजारीच होते. त्यांना सांगितलं.

"मधला धागा काढ. काठाला कोण बघतंय? बोभाटा झाला तर तात्याच मरेल."

"सर, समोरचा ब्लँकेटवाला तरी वेगळं काय करतो?"

ते उत्तर देणार, तेवढ्यात राजुरीच्या एक मावशी पुढे आल्या. "पोराचं लगीन झालं. खंडोबाचं जागरण हाय. देवाच्या आसनाला घोंगडी पायजे. लोकरच हाय ना, पोरी?"

तात्या जमिनीकडे बघत होते. त्यांचा माल घेणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं.

"मधे लोकर आहे. काठ नाही."

मी काठाचा दोरा ओढला. काडी पेटवली. दोरा वितळला.

"घ्या!" ब्लँकेटवाला समोरून ओरडला. "आन् आमाला चोर म्हंत्यात, राव!"

मावशींनी घोंगडी उलटीपालटी केली. "एवडंच व्हय? टोकं तर शिवलीत नुस्ती. उसवा की. देवाला काठ कशाला लागतोय?"

तात्या तिथेच मांडी घालून काठ उसवायला बसले. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता.

त्या दिवशी तेवढी एकच घोंगडी खपली. बाकीच्यांवर मी 'काठ लोकरीचा नाही' अशा चिठ्ठ्या टाचल्या. सर माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत, पण तात्यांचा माल त्यांनी बंद केला नाही. दुप्पट मागणी मात्र मुकाट्याने मागे घेतली.

हातचा माल बाराही महिने, मागाल तेवढा मिळत असेल, तर विकणाऱ्याला विचारा, लोकर कधी कातरली. आमच्या स्टॉलवरही विचारा.