खळ्यातला खांब

विष्णूदादा गेल्याचं मला वेंगुर्ल्याच्या एस.टी. स्टँडवर कळलं. आमच्या गावचा एक कंडक्टर गाडीतून उतरला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमचो विष्णूदादा गेलो. सकाळी चाय पिलो, पडवीत बसलो तो बसलोच. तरास काय एक नाय झालो." मी हायस्कुलात गणित शिकवतो, मोजूनमापून बोलायची सवय आहे, म्हणून खरं तेच लिहितो. त्या क्षणी दुःखाच्या आधी मला हायसं वाटलं. दादा माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून बराच मोठा. आपण देवाला फसवलं की काय, ही शंका त्याने काही वर्षं मनात वागवली होती. महिन्याभरापूर्वी भेटलो तेव्हा ती गेलेली मी पाहिली होती. ती घेऊन तो गेला असता तर मला फार जड गेलं असतं...

दादा आमच्या गावचा मानकरी. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे, आणि आवाज म्हणाल तर त्याच्यासारखा पंचक्रोशीत नव्हता. पेरणी असो, लग्न असो, कुणाचा मुलगा मुंबईला नोकरीला निघालेला असो, दादा देवळात उभा राहून देवाला सगळं उलगडून सांगायचा आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्यामागे "व्हय महाराजा!" म्हणायची. त्याचं शिक्षण चौथीपर्यंत. शेती भाताची, थोडे माड, थोडे काजू. गावात वीज येणार हे आम्ही स्वराज्य मिळाल्यापासून ऐकत होतो. पहिल्या योजनेत नाव आहे म्हणून कुणी सांगितलं, मग दुसऱ्या योजनेत आहे म्हणून. ग्रामसेवक सभेत कागद वाचून दाखवायचा आणि सभा कंदिलाच्या उजेडात उठायची. दादा हसून म्हणायचा, "नाव आसा रे, उजेड तेवडो नाय."

आणि मग एका उन्हाळ्यात, आजपासून चार-पाच वर्षांपूर्वी, खांब खरोखरच आले. ट्रक कसालवरून आत आले आणि खांब गावच्या वेशीवर रचून ठेवले गेले. पोरं त्यांच्यावर घोडा-घोडा खेळू लागली. वीज मंडळाचे ओव्हरसियर घाटावरचे, सरळ माणूस. त्यांनी आखणी केली तेव्हा अडचण कळली. तारांची रेघ देवाच्या राईतून जात होती. राई म्हणजे देवळामागचं देवाचं रान; तिथलं वाळकं लाकूडसुद्धा कुणी घरी नेत नाही. ओव्हरसियर म्हणाले, "मला तुमच्या देवाशी भांडायचं नाही. पण पावसाआधी काम झालं नाही, तर हे खांब पुढच्या गावाला जातील. तसा वरून हुकूमच आहे." म्हणजे राई तोडायची किंवा अंधारात राहायचं. आणि विचारायचं देवाला, विचारणारा दादा.

देवाला विचारलं त्या दिवशी मी सुट्टीला घरीच होतो, म्हणून हे ऐकीव नाही. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे याला कौल म्हणतात. दादाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, तुझ्या राईतली झाडां तोडून तारेक वाट करूची आसा, तुझो हुकूम आसलो तर उजवो कौल दे." माणसं "व्हय महाराजा" म्हणाली खरी, पण दबक्या आवाजात. पाकळी पडली ती डावी.

पुढचे दोन दिवस गावात दादाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तरुण पोरं म्हणत, "देवाक राकेलचोच वास बरो लागता." एकाने तर तोंडावर विचारलं, "विष्णूदादा, देव नको म्हणालो की तुमी?" हे त्याला लागलं. आपल्या जिभेवरून गावाचा उजेड जाणार, आणि लोक म्हणणार की यानेच घालवला. जेवताना तो मला म्हणाला, "मास्तरा, आमी इचारलाव ताच चुकला. आमका होयो उजेड, आणि आमी मागलाव झाडां. देव झाडां कित्याक देतलो?" वहिनी वाढता वाढता म्हणाली, "मगे जावन नीट इचारा. हंय भाताक सांगान काय उपयोग?"

त्याने दुसऱ्यांदा देऊळ जमवलं. एका म्हाताऱ्याने हरकत घेतली, "देवाक एकच गोष्ट दोनदा इचारूची नसता." दादा म्हणाला, "एकच खंय? त्या दिसा झाडां मागलेली, आज वाट मागतव." आणि त्याने गाऱ्हाणं घातलं. राईच्या पानाला हात न लावता, राईला वळसा घालून उजेडाला गावात यायला वाट दे. बायकांच्या बाजूने वहिनीचा आवाज आला, "आणि ती वाट खंयसून जातली, ता पण सांगा देवाक!" लोक हसले. राईच्या एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला आमचं घर. दादा थांबला... आणि म्हणाला, "आमच्या खळ्यातसून, महाराजा." खळं म्हणजे आमच्याकडे घरासमोरचं सारवलेलं अंगण, भात झोडायचं, आमसुलं वाळवायची, लग्नाचा मांडव घालायचा तो तिथेच. हे त्याने घरात विचारलं नव्हतं, वहिनीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सगळं देऊळ पाकळीकडे बघत राहिलं. पाकळी पडली, उजवी. त्या दिवशीचा "व्हय महाराजा!" समुद्रावर ऐकू गेला असेल.

ओव्हरसियरनी चार खांब जास्त घातले आणि कुरकुर केली नाही. पावसाआधी दिवे लागले. आमच्या पडवीतला पहिला दिवा लागल्यावर दादाने हात जोडले, वहिनी बाहेर खळ्यात मधोमध उभ्या राहिलेल्या खांबाकडे बघून म्हणाली, "देवाची राई रवली, माझा खळा गेला. मांडव आता घालतलास खंय, खांबाक गुंडाळून?" पुढे प्रत्येक कार्यात दादाला हे ऐकावं लागे.

पण त्याला खरं टोचत होतं ते वेगळंच. वीज गेली, डीपी जळली, कुणाला झटका बसला, की तो मला हळूच विचारायचा, "मास्तरा, शब्द फिरवून मी देवाक फसवलंय काय रे?" मी म्हणायचो, नाही. पण माझ्या म्हणण्याला तिथे काय किंमत?

या श्रावणात मोठं वादळ झालं आणि राईतला सर्वांत जुना वृक्ष उन्मळून पडला. मी गेलो तेव्हा दादा काठी टेकत मला तिथे घेऊन गेला. ओव्हरसियरनी पहिल्यांदा आखणी करताना तारांसाठी जी वाट धरली होती, झाड नेमकं तिच्यावर आडवं पडलं होतं. तारा तिथून गेल्या असत्या तर त्या झाडाखाली तुटून ओल्या जमिनीवर पडल्या असत्या. शेजारूनच पाणंद जाते, सगळ्या गावाची ये-जा तिच्यावरून. दादाने काठीने मला ती वाट दाखवली. म्हणाला, "नको म्हणालेलो तो ह्याकच. तेका सगळा ठावक होता रे." मी हिशेबी माणूस. एक झाड एका दिशेला पडलं, यापलीकडे मी काही सिद्ध करू शकत नाही. पण परतताना त्याने वाटेत काठी काखेत मारली आणि तो माझ्याशी पावसाच्या, काजूच्या, पोरांच्या गजाली करत घरापर्यंत आला. तीच आमची शेवटची भेट.

परवा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. पाऊस सरल्यावर खळं नवीन करतात, तसं वहिनीने चोपून घेतलं होतं आणि ती शेणाने सारवत बसली होती. वायरमन आला होता. म्हणाला, "काकी, लाइन बदलतत. अर्ज दिलास तर हो खांब कुंपणाभायर घेवक येता. तुमी इतकी वर्सां सांगत होतास." वहिनीने मान वर केली नाही. हात खांबापाशी आला होता, तिने तो खांबाभोवती गोल फिरवून सारवण नीट जुळवलं आणि म्हणाली, "रवांदे. देवान जागो दिलेलो आसा तेका."