काकीने घासलेली बरणी

पणजोबांनी गलबतातून आणलेली चिनी बरणी उघडली की अजून लोणच्याचा वास येतो, आणि साठ सालच्या सुमाराची शिरोड्याची आमची पडवी समोर उभी राहते.

बरणीचं वय सांगायला मुंबईहून एक जाणकार यायचे होते. पाहुण्यासमोर शोभा नको म्हणून काकीने आदल्या दिवशी ती नारळाच्या सोडणाने आणि राखेने तळापर्यंत लख्ख घासली.

जाणकारांनी बरणी उलटी केली आणि कपाळाला हात लावला. "अहो काकी, तळाच्या खरबरीत कडेत मुरलेल्या मळावरून तर वय ओळखायचं!"

"म्हणजे मळ बघूक मुंबयसून इलास?" काकी उसळली. मग त्यांना पोटभर जेवू घातलं आणि बरणीत लोणचं भरलं.

आता काकी नाही. त्या कडेत तिच्या शेवटच्या लोणच्याचं तेल काळं होऊन बसलंय. सून घासायला घेते, तेव्हा मी बरणी तिच्या हातातून काढून घेतो.