वीस मिनिटांचा अर्ज

जुलैचा दुसरा शुक्रवार. खर्चाचा अंदाज तिघांत मिळून पाचशे चाळीस युरो. हजर: खडखडे, ईशा आणि मी. गाडी माझी, तंबू ईशाचा, हट्ट खडखड्यांचा. सकाळी सहाला झिंडेलफिंगेनला त्यांच्या दारात गाडी उभी केली आणि वयाचा मान म्हणून पुढचं दार उघडून धरलं. त्यांनी ते शांतपणे लावून टाकलं आणि मागे, बरोबर माझ्या पाठीशी, डाव्या खिडकीला जाऊन बसले. पुढचे सहाशे वीस किलोमीटर ते तिथेच होते.

चूक माझी होती. बारा वर्षांच्या ओळखीत एवढं लक्षात राहायला हवं होतं. त्यांचा डावा कान लहानपणी गालफुगीत गेला होता, आणि तेव्हापासून सगळं जग उजवीकडे ठेवून बसायचं हा त्यांचा नियम होता. पंगतीत डावं टोक, मीटिंगमध्ये डावं टोक, मंडळाच्या आरतीतही डावं टोक. जर्मन गाडीत प्रवाशाला सगळी माणसं समोर किंवा उजवीकडे मिळतील अशी एकच जागा असते, ती ड्रायव्हरच्या मागची.

खडखडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. ते मोटारींच्या कारखान्यात होते, आणि नव्या गाडीत कुठे काय खडखडतं ते शोधायचं हे त्यांचं काम. गिऱ्हाईक म्हणतं दारात काहीतरी वाजतंय, सहा इंजिनियर गाडी उलटीपालटी करतात, सापडत नाही, मग यांना बोलावणं जायचं. हे वीतभर लांब स्क्रूड्रायव्हर पत्र्याला टेकवायचे, त्याची मूठ उजव्या कानामागे दाबायचे आणि डोळे मिटायचे. सगळा कारखाना दोन कानांनी जे शोधू शकत नसे ते हे एका कानाने शोधत. आम्ही त्यांना खडखडे म्हणू लागलो, आणि काही वर्षांनी वहिनीही फोनवर 'खडखडे घरी नाहीत' असं सांगू लागल्या.

त्यांची पद्धत एकच होती. "आधी सगळं बंद. मग एकेक चालू." ती ते कारखान्याबाहेरही वापरत. एका वर्षी आमच्या मंडळात गणपतीच्या जेवणावरून कार्यकारिणी भांडली. खडखड्यांनी नऊच्या नऊ जणांना हॉलबाहेर काढलं आणि एकेकाला आत बोलावून बोलतं केलं. चौथ्या माणसाशी त्यांना खडखड सापडली. उरलेले पाच जण बाहेर थंडीत उभे होते, त्यांना ते विसरले.

पन्नाशीनंतर तो उरलेला उजवा कानही जायला लागला. आधी पक्षी गेले, मग दाराची बेल, मग बायकामुलांचे आवाज. कानाच्या तपासणीचा आलेख ते खिशात बाळगत. पाचशे हर्ट्झच्या खालचं त्यांना बऱ्यापैकी ऐकू येई, वरचं जवळजवळ काही नाही. "वरच्या मजल्यावरची दुकानं बंद झाली, तळमजला चालू आहे," असं ते विचारणाऱ्याला सांगत. ईशा आमच्याकडे जेवायला येणारी, श्टुटगार्टला डॉक्टरेट करणारी कोल्हापूरची मुलगी. तिचा आवाज बारीक. ती त्यांच्याशी बोलताना पोलीस पाटलासारखा घोगरा आवाज काढी, "काका, चहा घेणार का?" आणि ते तितक्याच गंभीरपणे "घेईन, पाटील" म्हणत.

कारखान्याने त्यांना कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. त्यांनी तक्रार केली नाही, पण ते तिथे सापडेल त्याला टेकून बसू लागले, पूर्वी कधी टेकत नसत. मग डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. आत बारीक तार घालायची, बाहेर यंत्र लावायचं. बोलणं पुन्हा कळू लागेल, पण आज जे थोडं आपलं आपण ऐकू येतंय ते बहुतेक कायमचं जाईल. संगीताचं काय, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, शब्दांची आशा धरा, सुरांची नको. तारीख सप्टेंबरची ठरली.

सही करून खडखडे घरी आले आणि आपल्या कानाच्या आलेखात बसेल असं वाद्य शोधू लागले. हे मी शब्दशः लिहितो आहे. आठ दिवसांनी ते आलेखाचा कागद घेऊन गेर्लिंगेनला आमच्या घरी आले. वाद्य कमायचा. राजस्थानातलं, मोठ्या गोल तुंब्याचं, गजाने वाजवायचं, आवाज खोल आणि खरखरीत. नोकरीला लागण्याआधी मित्रांबरोबर ते जैसलमेरला गेले होते तेव्हा वाळूत बसून एकदा ऐकलं होतं. आणि इथे जर्मनीच्या पूर्वेकडे, लाउझिट्सच्या बाजूला, रणगाड्यांच्या सरावाने जंगल नाहीसं होऊन नुसती वाळू उरलेल्या मैदानावर दरवर्षी वाळवंटी मुलखांतल्या संगीताचा तीन दिवसांचा उत्सव भरतो. तिथे शनिवारी पहाटे पाचला, वाळूच्या टेकडीवर, माइकशिवाय कमायचा होता. त्यांनी तीन तिकिटं काढली होती. मला विचारलं नव्हतं.

निघताना वहिनी खाली आल्या, त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "अहो, ऐकायला निघालाय. भांडायला नाही."

दुपारी पोचलो. एक तंबू, साठ लिटर पाणी, चाळीस थालीपिठं. वाळू इतकी बारीक की खुंट्या धरत नव्हत्या. खडखड्यांनी पाण्याचे कॅन खुंट्यांच्या जागी पुरले, आणि मग पाणी हवं असलं की तंबू एका बाजूने बसायचा. सहाच्या सुमारास वारा वाढला, आसपासच्या जंगलाला वणवा लागण्याचा धोका सर्वांत वरच्या पायरीवर गेला, आणि आयोजकांनी टेकडी बंद केली. पहाटेचा कार्यक्रम खाली, खाण्याच्या गाड्यांच्या चौकात होईल, अशी पाटी लागली.

चौकात जनरेटर होता. अकरा गाड्यांची शीतकपाटं त्यावर चालत. खडखडे चौकाच्या मध्यावर दोन मिनिटं उभे राहिले. जनरेटरची घरघर नेमकी पाचशेच्या खाली. जो एक मजला त्यांच्याकडे उरला होता तोच तिने पूर्ण व्यापला होता. ईशा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काका, हा तुमच्याच इमारतीतला भाडेकरू."

"मग त्याला वीस मिनिटं बाहेर काढायचं," खडखडे म्हणाले.

आयोजकांच्या टेबलावर साठीच्या एक बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की जनरेटर बंद करण्याचा फॉर्मच नाही. खडखड्यांनी माझ्याकडून ते पुन्हा कानात सांगून घेतलं आणि खूश झाले. फॉर्म नाही म्हणजे मनाईही नाही. बाई विचारात पडल्या. शेवटी म्हणाल्या, अकराही गाडीवाल्यांनी लेखी संमती दिली तर त्यांची हरकत नाही. हे त्यांनी आम्हाला टाळायला सांगितलं की वाट दाखवायला, ते मला आजवर कळलेलं नाही.

अर्ज मी लिहिला. आकडे आणि जर्मन दोन्ही माझ्याकडे असतात. जनरेटर बंद पाच वाजता, चालू पाच वीसला. कार्यक्रमपत्रिकेत वादनाला वीस मिनिटं दिली होती, म्हणून मी वीस लिहिली. खाली अकरा ओळी आखल्या. ईशाने समजवायचं, मी कागद धरायचा, खडखड्यांनी शेजारी उभं राहून प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचं, अशी वाटणी केली. कॉफीवाल्याने वाचण्याआधीच सही केली. मासळीवाल्या बाईंनी बर्फाचा हिशोब मागितला, तो मी दिला. साडेसातपर्यंत दहा सह्या झाल्या.

अकरावा आइस्क्रीमवाला. त्याचं म्हणणं सरळ होतं. त्याचं शीतकपाट आधीच कुरकुरत होतं. एकदा बंद केलं आणि पुन्हा सुरूच झालं नाही तर चाळीस किलो माल जाणार, तो कोण भरून देणार? त्याचं बरोबर होतं, आणि मी तसं खडखड्यांच्या कानात सांगितलंही. त्यांनी मान डोलावली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि न विचारता गाडीत चढले. आइस्क्रीमवाला ओरडू लागला. ते ओरडणं त्यांच्या डाव्या बाजूला होतं. शीतकपाटाच्या मागे बसून, मूठ कानामागे दाबून, त्यांनी चार जागा तपासल्या, मग हात आत घालून एक स्क्रू आवळला. कुरकुर थांबली. आइस्क्रीमवाल्याने कपाटाला कान लावून बघितलं. मग म्हणाला, "दोन मेकॅनिक येऊन गेले होते." आणि पेन मागितलं.

पहाटे पाचला उत्सवाची वीज सांभाळणाऱ्या वीजवाल्याने जनरेटर बंद केला. इतकी शांतता झाली की कोणाच्या तरी तंबूची चेन उघडलेली ऐकू आली. चाळीसएक माणसं वाळूत बसली होती. वादक सत्तरीचे, सोबत त्यांचा गाणारा पुतण्या. खडखडे त्यांच्यापासून हातभर अंतरावर, डाव्या टोकाला, कान पुढे करून. म्हाताऱ्या वादकांनी मांडी घातली, कमायचा उभा धरला, नमस्कार केला आणि तारा जुळवायला घेतल्या.

पहाटेचं दव होतं. आतड्याच्या तीन जाड तारा सुरात येत आणि उतरत. त्या जमल्या की खालच्या, वरच्यांबरोबर आपोआप घुमणाऱ्या तरफेच्या तारा, त्या चौदा. प्रत्येक खुंटी पिळायची, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा पिळायची. पाच वाजून सहा मिनिटं. पाच दहा. आम्ही तिघं महाराष्ट्रातली, लहानपणापासून गाण्यांना बसलेली. वाद्य जुळवायला वेळ लागतो हे आमच्यातल्या एकालाही आठवलं नव्हतं. इथे पाच म्हणजे पाच, या सवयीने मी कार्यक्रमपत्रिका वाचली होती.

पाच सोळाला मी उठून वीजवाल्याकडे धावलो. आणखी पंचवीस मिनिटं, एवढंच मागितलं. त्याने खिशातून माझाच अर्ज काढून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, हे अक्षर आपलंच ना? गाडीवाल्यांनी वीस मिनिटांवर सह्या केल्या होत्या. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पाच वीसला जनरेटर सुरू झाला. पाच एकवीसला गाणं.

गाणं चांगलं झालं असं लोक म्हणाले. मी खडखड्यांकडे बघत होतो. ते अखेरपर्यंत हलले नाहीत. लोक उठल्यावर मी त्यांच्या उजव्या बाजूला गेलो आणि म्हणालो की चूक माझी, मी पंचेचाळीस लिहायला हवी होती.

ते म्हणाले, "अहो, त्यांनी मला सतरा तारा एकेक करून ऐकवल्या. सगळं बंद, आणि मग एकेक. मला याहून चांगलं कोण ऐकवणार होतं?" मग बराच वेळ वाळू झटकत राहिले. "पण तुम्ही गाणं ऐकलं नाहीत. तेवढं राहिलं."

सप्टेंबरात ऑपरेशन झालं. महिन्याने यंत्र चालू केलं तेव्हा वहिनींचा आवाज त्यांना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आला. रोज तासभर सराव करायचा होता, आधी आकडे, मग शब्द. यादी जर्मन होती. त्यांनी ती बाजूला ठेवून मला बोलावलं, कारण घरात त्यांच्याशी कोणी जर्मन बोलत नव्हतं. दर गुरुवारी कामावरून सुटलो की मी झिंडेलफिंगेनला जाऊन मराठी आकडे वाचायचो, तोंडापुढे कागद धरून, म्हणजे ओठ दिसू नयेत. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. पहिल्या गुरुवारी पन्नासात नऊ बरोबर आले. मी नऊ सांगितले. वहिनींनी मला खूण केली, थोडे वाढवून सांगा म्हणून. खडखड्यांनी ती बघितली. "त्यांना खोटे आकडे सांगता येत नाहीत, म्हणूनच बोलावलंय," ते म्हणाले. फेब्रुवारीत एकेचाळीस आले. ईशाला आता घोगरा आवाज काढावा लागत नव्हता. तरी ती काढायची, कारण त्यांना पाटील आवडत असे.

संगीत मात्र परत आलं नाही. बासरी आणि मिक्सर सारखेच वाजत. हे त्यांनी एकदा सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही. निवृत्ती घेऊन वर्षअखेरीस नाशिकला परत जायचं असंही तेव्हाच ठरलं. आणि मे महिन्यात त्यांनी पुन्हा तीन तिकिटं काढली.

या वेळी अर्ज त्यांनी घरूनच लिहून आणला होता. पंचेचाळीस मिनिटं. आइस्क्रीमवाल्याने पहिली सही केली. मासळीवाल्या बाई आणि दहीवाला मात्र पंचेचाळीसला तयार होईनात, आणि त्यांचंही बरोबर होतं. वीजवाल्याकडे भाड्याने द्यायची बॅटरी होती, त्या दोघांची कपाटं तासभर तिच्यावर निघाली असती. खडखड्यांनी लगेच होकार दिला.

पाचला जनरेटर बंद झाला. जुळवणीला अठरा मिनिटं लागली. मग गाणं सुरू झालं, आणि मला ते पहिल्यांदाच ऐकू आलं. त्याबद्दल लिहिणं मला जमणार नाही. मध्येच मी खडखड्यांकडे वळलो. त्यांना डब्यातले खडेच ऐकू येत असणार. मी हळू आवाजात विचारलं, चहाला जायचं का.

"बसा," ते म्हणाले. "जनरेटर बंद आहे, हे मला तुमच्याइतकंच ऐकू येतंय."

बॅटरीचं भाडं तिघांत वाटून घेऊ, असं मी नंतर म्हणालो. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पंच्याऐंशी युरो, रोख. दिले खडखड्यांनी, घेतले वीजवाल्याने.