ठाव सांगणारी पेटी

वडशाच्या घाटावरच्या मुखरू ढिवराला वैनगंगेची नस न् नस ठाऊक होती. लाकडाचा ठेकेदार दादाजी पाहुण्यांना मोटारबोटीतून सैर घडवायचा, तेव्हा मुखरू पुढच्या टोकाला बसून बांबूनं पाणी मोजायचा, वाट सांगायचा.

सत्तावन्न साली ठेकेदारानं मुंबईहून पाण्याचा ठाव सांगणारी पेटी आणली. ट्रंकेएवढी, बॅटरीवरची. तबकडीवर ज्या आकड्यापाशी लाल ठिणगी चमके, तितके फूट पाणी. पहिल्याच फेरीत पेटीनं शेवाळालाच तळ मानून पाणी उथळ दाखवलं.

"नाई मालक, इथी दोन पुरुष पाणी हाय," म्हणत मुखरूनं अख्खा बांबू बुडवून दाखवला. पाहुणे ठेकेदारालाच हसले. ते हसू त्याच्या मनात सलत राहिलं.

पुढच्या साली नवी पेटी आली, आकारानं निम्मी; चुकाही निम्म्या झाल्या. एकोणसाठ साली आली ती ट्रान्झिस्टरची, जेवणाच्या डब्याएवढी. ती चुकेचना.

पुसाचे, पौषातल्या थंडीचे दिवस होते. अवकाळी पावसानं पाणी गढूळलं होतं. आमराईच्या वळणावर ठेकेदारानं बोट थांबवली आणि तबकडीवर दुपट्टा टाकला.

"मुखरू, बांबू ठेव खाली. नुसतं पाहून सांग, पाणी किती?"

"दीड पुरुष, मालक."

"मंग मार बुडी. तळची रेती आण. काऊन, भेव लागते?"

पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. मुखरूला राग आला. त्यानं सदरा काढला आणि डोकं खाली घालून उडी घेतली.

त्या अवकाळी पावसाच्या पुरानं तिथं रेती आणून टाकली होती. पाणी जेमतेम कमरेएवढं. ठेकेदारानं दुपट्टा उचलला. ठिणगी तीनच्या आकड्यावर चमकत होती. पाहुणे हसले, आणि मुखरू वर येईना तेव्हा पाण्यात उतरून त्यांनी त्याला बोटीत ओढलं.

मान मोडली होती. जीव राहिला, पण हातपाय गेले.

महिन्याभरानं त्याची बायको गुणाबाई ठेकेदाराकडे गेली. "तुमाले दिसत होतं ना, मालक? काऊन नाई सांगतलं?"

"पेटीपक्षा शाणा होता तो," ठेकेदार म्हणाला. "तुले काम पाह्यजे तं बोटीवर भांडे घासाले ये."

घरात दुसरं कमावणारं नव्हतं. ती दर रविवारी जाऊ लागली. घरी आली की मुखरू विचारायचा, "आमराईपाशी आज किती?"

ती पेटीवरचा आकडा सांगायची. मग तो समोरच्या भिंतीकडे पाहत राही. मान वळवणं त्याला जमत नव्हतं.