अक्रोडाची कोरी पेटी

लोक दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसतात ते फुकट. नाककाकांना त्याचा पगार मिळायचा. कारखान्यात सगळे त्यांना नाककाकाच म्हणत. खरं नाव पगाराच्या पाकिटावर तेवढं उरलं होतं, आणि तेही वाचायला काका चष्मा लावायचा कंटाळा करत.

गोदामांच्या रांगेमागचा तो कारखाना महागड्या अत्तरांच्या बाटल्यांसाठी अक्रोडाच्या लाकडाच्या पेट्या करायचा. बाटली तळहातात मावेल एवढी, आणि तिला राहायला अक्रोडाचं घर. एवढ्याशा बाटलीचे एवढे लाड कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण ती पेटी एकदा हातात घेऊन बघा. झाकण आणि पेटी एकाच ठोकळ्यातून कापलेली, त्यामुळे लाकडाची काळपट रेघ झाकणावरून निघते ती न तुटता खाली पेटीवर उतरते. झाकण ठेवून बोट काढलं की ते लगेच बसत नाही. आतली हवा बाहेर सारत, आपल्या मर्जीने, सावकाश खाली जातं. एका पेटीचं झाकण दुसरीला बसत नाही, मग त्या जुळ्या का दिसेनात.

बाहेरून पेटीला पॉलिश, आतून मात्र काही नाही. पॉलिशला वास असतो. गिऱ्हाईक एवढे पैसे टाकून पेटी उघडणार, तर बाटलीचं बूच निघेपर्यंत त्याच्या नाकाला दुसरं काही लागता कामा नये. म्हणून आतलं लाकूड उघडंच ठेवायचं. आणि उघडं लाकूड म्हणजे भलतं हावरट. जवळ येईल तो वास पिऊन बसतं आणि सोडायचं नाव घेत नाही. लाकडाचा स्वतःचा कडसर वास वाळवून वाळवून घालवायचा आणि मग माणसांचा लागू द्यायचा नाही, अशी सगळी कसरत.

पेट्या रात्रभर बंद ठेवायच्या. सकाळी काका कोपऱ्यातल्या पांढऱ्या खोलीत एकटे बसून एकेक झाकण बोटभर उचलायचे आणि फटीला नाक लावायचे. वास नसला की म्हणायचे, "कोरी." असला की पेटी डाव्या हाताला सरकवायचे. आयुष्यभर त्यांनी काय हुंगलं, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एकच होतं: काही नाही. त्यात त्यांचा हात, म्हणजे नाक, धरणारा कोणी नव्हता.

कारखान्यात कोणी केसांना तेल लावायचं नाही, वासाचा साबण वापरायचा नाही, लसूण खाऊन यायचं नाही. करवतीवरचा माणूस एकदा सिगरेट ओढून आला. तीनदा हात धुतले, वास येतच नाही म्हणून शपथा घ्यायला लागला. काकांनी त्याला घरी पाठवलं. "तुला कसा येईल?" ते म्हणाले. "ज्या वासात माणूस राहतो, तो वास त्याला येत नाही." तेव्हापासून नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी काका त्याला हे वाक्य ऐकवत. जुने लोक त्यांच्या पाठीमागे ओठ हलवून सोबत करत.

कारखान्याचं ठीक आहे हो. पण हेच नियम त्यांनी घरीही लावले. लग्न होऊन आल्या तेव्हा काकूंकडे सेंटची एक बाटली होती. पहिल्याच महिन्यात ती धाकट्या बहिणीकडे गेली. मग पावडर गेली, केसांचं तेल गेलं, पेल्यात ठेवायची फुलं गेली. कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायचे. कांदा तळायचा तो खिडकी सताड उघडून, काका घरी यायच्या कितीतरी आधी. काकू भांडणाऱ्यातल्या नव्हत्या. शेजारणीला म्हणायच्या, "माझी सवत लाकडाची आहे. बोलत नाही, पण हट्टी आहे." शेजारीण हसायची. काकूही हसायच्या.

पुढे काकूंचे गुडघे धरले. बाम चोळल्याशिवाय झोप लागेना. बामाचा वास म्हणजे काय, भिंतीआड बसलेल्या माणसालाही कळावा असा. काकू स्वतःच आपली उशी उचलून आतल्या खोलीत गेल्या. काकांनी नको म्हटलं नाही. रोज जेवणं आटोपली की आतून हाक यायची, "अहो, दार लावून घ्या." काका उठून दार लावायचे. मग दाराबाहेर उभे राहून विचारायचे, "गुडघे काय म्हणतायत?"

"जागच्या जागी आहेत. झोपा आता."

वर्षानुवर्षं दोघांचं रात्रीचं बोलणं एवढंच होतं. त्यात काही कमी आहे असं काकांना वाटलं नाही. काकूंना वाटलं असेल तर त्या बोलल्या नाहीत.

यंदाच्या थंडीत काकू गेल्या. साधा ताप छातीत उतरला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. मेहुणी आली, राहिली, निघताना बहिणीचे कपडे आवरायला बसली. एक स्वेटर तिने तोंडाशी धरला, मग दुसरा. मग शाल. "भावजी," ती म्हणाली, "ताईच्या कपड्यांना ताईचा वासच नाही." तिने स्वेटर खाली ठेवला. "या घरात बाई राहत होती असं वाटतच नाही." एवढं बोलून तिने बॅगेची चेन ओढली. शाल तेवढी नेली. बाकीचं नेण्यात तिला काही अर्थ दिसला नाही.

ती गेल्यावर काकांनी आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. त्यांचं नाक म्हणजे त्या शहरातलं सगळ्यात तिखट नाक. बाह्या, कॉलरी, उशीचा घडी घातलेला अभ्रा, कंगवा, सगळं त्यांनी हुंगलं. सगळं कोरं. काकूंनी इतक्या इमानाने धुतलं होतं की स्वतःला कुठे शिल्लकच ठेवलं नव्हतं. काका पलंगाच्या काठावर बसले आणि तोंडात मारल्यासारखे बसूनच राहिले. बायको गेली तेव्हा न आलेलं रडू आता आलं. पुसायला जे कापड हाताला लागलं त्यालाही कसलाच वास नव्हता.

मग त्यांना खिडकीत बामाची बाटली दिसली. अर्धी होती. मलमात काकूंच्या बोटाचा खळगा तसाच. काकांनी झाकण फिरवलं आणि आतल्या खोलीत काकू आल्या. दुसरं काय म्हणू? डोळे मिटले तर हात पुढे केल्यावर लागतील एवढ्या जवळ आल्या.

सुरुवातीला काका रोज संध्याकाळी एकदाच बाटली उघडायचे. काही दिवसांनी वास पहिल्यासारखा येईना. बाम जुना झाला असेल म्हणून त्यांनी थोडा मनगटाला लावला. मग उशीला. मग काहीच दुखत नसताना स्वतःच्या गुडघ्यांना. पुढे ते काकूंच्या अंथरुणातच झोपायला लागले. बाटली संपली तशी त्याच कंपनीची नवीन आणली. सकाळी मात्र नियम पाळायचे हं. बिनवासाच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, स्वतःचे हात हुंगायचे आणि नाकाने हिरवा कंदील दाखवला की मगच कामावर जायचे.

एक दिवस अख्खा माल परत आला. मालकीणबाईंनी सगळ्यांना पांढऱ्या खोलीत बोलावलं. टेबलांवर ओळीने पेट्या मांडल्या होत्या. बाई आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. एक पेटी उचलून त्यांनी काकांसमोर धरली.

काकांनी झाकण बोटभर उचललं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. "कोरी."

करवतीवरचा माणूस जमिनीकडे बघायला लागला. बाईंनी दुसरी पेटी दिली. काकांनी तीही कोरी ठरवली. तिसरीही.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "सगळ्या पेट्यांना बामाचा वास आहे. दारातून आत आल्या आल्या मला आला."

"कोण लावतं बाम?" काकांनी वळून विचारलं, आणि त्यांचा तो साहेबी आवाज ऐकून पॉलिशचं काम करणारी एक बाई पुढे आली. पांढऱ्या खोलीत जाताना काका रोज तिच्या टेबलावरून जायचे. काकूंच्या आजारपणात ती घरी जाऊन आली होती.

"तुम्हीच, काका," ती म्हणाली. "काकू गेल्यापासून. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"तू बोलली का नाहीस?" मालकीणबाईंनी तिला विचारलं.

"कसं बोलणार? काकूंचा वास होता तो."

काकांनी आपली बाही नाकाशी नेली. काही नाही. कोटाची कॉलर हुंगली. काही नाही. मग त्यांनी स्वतःचं ते वाक्य आठवलं, जे म्हणताना मागे जुने लोक ओठ हलवायचे. आज कोणी ओठ हलवले नाहीत. माल फुकट गेला याची लाज होतीच, पण काकांना त्याहून वाईट वाटलं ते वेगळंच. काकू सगळ्यांना येत होत्या. फक्त त्यांना येत नव्हत्या.

बाईंनी त्यांना घरी बसायला सांगितलं. "नाक ठिकाणावर येईपर्यंत आराम करा. तुमच्याशिवाय आमचं चालणार नाही. पण काका, ते मात्र बंद करावं लागेल."

काकांनी बंद केलं. दोन्ही बाटल्या चिकटपट्टीत गुंडाळून जिन्याखालच्या कपाटात टाकल्या. अंथरूण धुतलं, पडदे धुतले, कोट दोनदा धुतला, खिडक्या उघड्या ठेवून गारठ्यात कुडकुडत बसले. चार-पाच दिवसांत घर पुन्हा कोरं झालं. आपल्या हाताने बायकोला दुसऱ्यांदा घराबाहेर काढल्यासारखं त्यांना वाटत होतं, आणि हे ज्याला सांगावं असा एकही माणूस त्यांच्याकडे नव्हता. मेहुणीला फोन लावला तर ती म्हणाली, "शाल मी ठेवलीय. बरे आहात ना?" ते बरा आहे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते कामावर गेले. परत आलेल्या पेट्या तशाच होत्या. आतून पुन्हा घासायला पाठवायच्या आधी बाईंना काकांचं नाक पारखून घ्यायचं होतं. "एक उघडा," त्या म्हणाल्या. "आला वास, की तुम्ही परत आलात."

काकांनी पहिल्या ओळीतली पहिली पेटी उचलली. झाकण बोटभर वर केलं.

त्यांचा चेहरा बघून बाई पुढे व्हायला लागल्या. पॉलिशवालीने बाईंचा दंड धरला.

"आहे," काका म्हणाले.

"झालं तर मग. ठेवा ती."

काकांनी ठेवली आणि दुसरी उघडली. मग तिसरी. एका पेटीने काम भागलं असताना ते ओळीने उघडत गेले, आणि प्रत्येक पेटीतून काकू निघत गेल्या. घरात ज्यांना पदराएवढीही जागा मिळाली नव्हती, त्यांना या लाकडाने कोणाला न विचारता ठेवून घेतलं होतं. कुठलीही पेटी काकांनी डाव्या हाताला सरकवली नाही. उघडायची, थांबायचं, झाकण सोडायचं, ते सावकाश खाली बसेपर्यंत बघायचं.

"काका, पुरे," बाई म्हणाल्या. "नाक मरेल परत."

ते त्यांनाही माहीत होतं. तिसऱ्या ओळीत वास विरळ झाला. शेवटच्या ओळीत त्यांना काहीच आलं नाही, तरी त्यांनी एकही पेटी सोडली नाही. मग शेवटचं झाकण सारखं केलं आणि म्हणाले, "बाई, दुसरं नाक बघा. मी उद्यापासून येत नाही."

बाईंनी बरीच समजूत घातली. काका ऐकून घेत होते, मान हलवत होते, पण नजर टेबलावर होती. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "यातली एक मी नेली तर चालेल?" बाईंनी स्वतः कापडात गुंडाळून दिली. पॉलिशवाली फाटकापर्यंत सोडायला आली. तिथे तिने काकांच्या कोटावरचा लाकडाचा भुसा झटकला.

घरी येऊन काकांनी जेवण केलं, एकच ताट धुतलं. पेटी आतल्या खोलीत, काकूंच्या उशाशी ठेवली. या वेळी झाकण पूर्ण काढलं आणि बाजूला ठेवलं. जिन्याखालून बाम काढून आणायचं त्यांच्या मनात आलं नाही. तो दुकानातला होता. मग आपल्या जुन्या खोलीत येऊन ते पलंगावर टेकले.

आणि सवयीने उठले. हात दाराच्या मुठीवर गेला. आतून वास येत होता, अगदी हलका.

चार दिवसांत हाही येईनासा होणार, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? ज्या वासात माणूस राहतो, तो त्याला येत नाही. पण काकू होत्या तोवर काका त्या वासात कधी राहिलेच नव्हते. दाराबाहेर उभं राहून गुडघ्यांची चौकशी करत होते.

"अहो, दार लावून घ्या," असं आतून कोणी म्हणालं नाही.

"असू दे गं आज," काका म्हणाले, आणि दार उघडं ठेवून आडवे झाले.